‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि आरोग्याचा प्रश्न

गोदावरी परुळेकर यांचा हा ग्रंथ (१९७०) वारल्यांच्या १९४५ च्या उठावाचा वृत्तांत म्हणून वाखाणिला जातो. त्याचा विषय लढा आहे, वैद्यक नव्हे. तथापि आमच्या मते तो रोगनिदानाचाही ग्रंथ आहे. वसई-विरारचा सुशिक्षित वाचक रानातील दुखण्यांचे खापर भगताच्या माथी फोडून मोकळा होतो. परंतु वेठीने झिजलेले, लग्नाच्या कर्जापायी ‘लग्नगडी’ म्हणून गहाण पडलेले जे देह लेखिकेने दाखविले, त्यांस नुसती औषधाची बाटली काय पुरणार? १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. वेठ गेली होती, भूक राहिली होती. आदिवासींच्या आरोग्यावर लिहू इच्छिणाऱ्याने प्रथम हा ग्रंथ वाचावा, अशी आमची शिफारस आहे.