जमशेटजी टाटांचीं चरित्रें : दान कीं वेतन?

ताम्रपट वाचणारास प्रशस्ति कोठें संपते आणि दानाचा मजकूर कोठें सुरू होतो, हें प्रथम ठरवावें लागतें. राजाचीं विशेषणें बाजूस सारून तो गांव, चतुःसीमा, तिथि आणि प्रतिग्रहीता यांकडे वळतो. अर्वाचीन उद्योगपतींच्या चरित्रांस हाच विवेक लावण्याची वहिवाट मात्र आपल्याकडे पडली नाहीं. जमशेटजी नसरवानजी टाटा (१८३९-१९०४) यांचीं दोन जुनीं इंग्रजी चरित्रें, दिनशा वाच्छा यांचें १९१४ चें व एफ. आर. हॅरिस यांचें १९२५ चें, पुन्हां वाचीत असतां ही उणीव प्रकर्षानें जाणवली.

दोन्ही ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेले आहेत, यांत संशय नाहीं. १८६९ मध्यें चिंचपोकळीची एक बुडीत तेलाची गिरणी जमशेटजींनीं घेतली, तींत सुताचें काम सुरू करून तिला अलेक्झांड्रा हें नांव दिलें, आणि दोन वर्षांच्या सुमारास ती नफ्यानें विकली. या व्यवहारास चरित्रपरंपरेंत जागा मिळते. त्या गिरणींत राबणाऱ्या हातांस फारशी मिळत नाहीं. ते प्रथम नजरेस येतात ते नागपुरास. १ जानेवारी १८७७ रोजीं तेथें एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या भोंग्याची संवय नसलेले लोक वरचेवर गैरहजर राहूं लागले, तेव्हां मालकानें दंडाचा मार्ग न धरितां बक्षिसें, खेळांचे सामने, खेळती हवा यांचा आश्रय केला. १८८६ मध्यें पेन्शन-फंड व १८९५ मध्यें अपघाताची भरपाई सुरू झाली. अशा भरपाईचा सरकारी कायदा १९२३ चा आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या गोष्टीचें मोल कळतें.

परंतु या सर्वांची गणना औदार्यांत करावी काय? वाच्छा हे स्वतः गिरण्यांच्या व्यवस्थापनांतले व मुंबईच्या गिरणीमालक संघाच्या कमिटीवरील गृहस्थ. मालकाच्या खुर्चीवरून पाहतां कामगारास दिलेला रुपया दयेचाच दिसावयाचा. खुद्द जमशेटजींची दृष्टि निराळी होती. १८९५ साली एम्प्रेस मिलच्या प्रसंगानें बोलतांना, आपण इतरांहून अधिक परोपकारी असल्याचा दावा त्यांनीं स्पष्टपणें नाकारला. कामगारांचें आरोग्य व हित हाच आपल्या भरभराटीचा पाया, असा त्यांचा आशय होता. नायक जी पदवी नाकारतो तीच चरित्रपरंपरा त्याच्या गळ्यांत घालते, हा प्रकार विलक्षण खरा.

धोब्यास वस्त्र देणें हें संप्रदान कां नव्हे, हें वर्गांत वर्षानुवर्षें समजावण्यांत आमचा जन्म गेला. ‘देणें’ हें क्रियापद आलें म्हणजे दान झालें असें नाहीं. १९०९ मध्यें शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत, कामावर असतां मरण पावलेल्या राजसेवकाच्या बायकामुलांस अन्न-वेतन मिळावें असें सांगितलें आहे. तें प्रकरण दानाचें नव्हे, भृत्यांच्या भरणाचें आहे. तेथें देणाऱ्याच्या पुण्याचा हिशेब नाहीं.

आतां परळकडे वळूं. सप्टेंबर १८८४ मध्यें तेथें नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें गिरणी-कामगारांच्या सभा भरल्या. लोखंडे स्वतः गिरणींत स्टोअरकीपर होते, आणि ‘दीनबंधु’ पत्र त्यांच्या हातीं होतें. सुमारें ५,५०० सह्यांच्या अर्जांत रविवारची सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, पगार वेळेवर, अशा मागण्या होत्या. त्यांतच आणखी एक होती : कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पुरा पगार द्यावा, आणि जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज करावी. नागपूरची भरपाई यानंतर अकरा वर्षांनीं आली. परळच्या अर्जामुळेंच ती आली असें म्हणण्यास आमच्याजवळ पुरावा नाहीं, व आम्ही तसें म्हणतही नाहीं. पण हे दोन कागद शेजारीं ठेवले कीं मालकानें केलें तें कामगारांनीं आधींच हक्क म्हणून मागितलेलें होतें, हें उघड होतें. याउलट मुंबईस रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून, २४ एप्रिलच्या प्रचंड सभेनंतर. ती कोणा एका मालकाच्या चरित्रांत मावत नाहीं.

यानें जमशेटजी लहान होत नाहींत. ज्यानें मागणें ऐकून घेतलें व कायद्याच्या आधीं तें नियमांत बसविलें, तो मालक आमच्या मतें दयाळू मालकाहून मोठा. कारण दया मालकाबरोबर जाते, फंड मागें राहतो.

एक तक्रार संग्राहकांकडे आहे. पेशवाईंतील मोडी चिठोरीस आपण मोल देतों, आणि हजेरीवही, पगाराची पावती, पेन्शनचा कागद रद्दींत जाऊं देतों. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या बहुतेक गिरण्या गेल्या. एम्प्रेस मिलही बंद पडली. चाळींच्या माळ्यांवर, पत्र्याच्या पेट्यांतून असे कागद अद्याप निघतात. ते निघतील तेव्हां त्यांवरील नांव, खातें, तारीख व रक्कम उतरून घ्यावी, आणि पेटी कोणत्या चाळींत मिळाली तेंही टिपून ठेवावें.