खिडकीखालची माणसे



जर्मनीतील गर्दीचे जुने छायाचित्र दिसले की मी पान उलटते. हिटलरचा छायाचित्रकार हाइनरिख हॉफमन याच्या चित्रांत असंख्य हात एकाच दिशेने उठलेले असतात. त्यांत एकटा माणूस सापडत नाही.

१९ मार्च १९७० च्या एरफुर्टच्या छायाचित्रांपाशी मात्र मी थांबले. पश्चिम जर्मनीचे चान्सेलर विली ब्रांट पूर्व जर्मनीत भेटीला आले होते. पोलिसांचे कडे तोडून लोक त्यांच्या हॉटेलसमोर जमले आणि त्यांना खिडकीत बोलावू लागले. येथे रांगा नाहीत, ठरलेली सलामी नाही. ब्रांट खिडकीत आले आणि त्यांनी हातानेच शांत राहण्याची खूण केली. ते परत जाणार होते. लोकांना तेथेच राहायचे होते.

त्याच वर्षी डिसेंबरात वॉर्सा घेट्टोच्या स्मारकापुढे गुडघे टेकणारे ते हेच ब्रांट.

वर्तमानपत्रांनी खिडकीतला नेता जपला. मला खालच्या चौकाचे चित्र अधिक मोलाचे वाटते, कारण धोका त्या निनावी माणसांनी पत्करला. गर्दीचे चित्र पाहताना आधी हात पाहावेत: ते हुकमाने उठले, की मनाने?