‘द जंगल’ : मांस आणि मनुष्य
अंगुत्तर निकायातील वणिज्जासुत्तात उपासकाला वर्ज्य अशा पाच व्यापारांत सत्तवणिज्जा व मंसवणिज्जा लागोपाठ येतात. पहिलीचा अर्थ अट्ठकथा मनुष्यविक्रय असा करते. अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ (१९०६) ही कादंबरी आम्हांला या शेजाराचे भाष्यच वाटते. शिकागोच्या कत्तलखान्यांत जनावराबरोबर युर्गिस हा लिथुआनियन मजूरही खर्ची पडतो. वाचकांनी मात्र आपल्या ताटातील मांस तेवढे पाहिले. त्याच वर्षी अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा झाला; मजुराच्या सुरक्षेची तरतूद त्यात नव्हती. याचा दोष लेखकाच्या माथी मारता येणार नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. संप मोडण्यासाठी आणलेल्या कृष्णवर्णीय मजुरांपाशी येताच सिंक्लेअर यांची करुणा आटते. त्यांचे चित्रण ते उघड तुच्छतेने करतात. ज्यांच्या पूर्वजांची बाजारात विक्री झाली, त्यांनाच या कथेत माणूसपण नाकारले जावे! समाजवादी व्याख्यानांनी भरलेली अखेरची प्रकरणे ही उणीव भरून काढीत नाहीत. तेथे तर युर्गिसही केवळ श्रोता म्हणून उरतो.