कवटीचे माप आणि राज्याचा कायदा

मेंदूचे माप घ्यावे, मापावरून माणसाची प्रत ठरवावी आणि त्या प्रतीवरून राज्याने त्याला वागवावे, ह्या विचाराचा इतिहास अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड ह्यांनी ‘द मिसमेझर ऑफ मॅन’ (१९८१) ह्या ग्रंथात सांगितला आहे. ग्रंथाची कीर्ती मोठी आहे, आणि ती अनाठायी नाही. तरीही तो पुन्हा वाचताना आमच्या मनात एक शंका उभी राहिली. ती वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रंथाचा सर्वांत सरस भाग बुद्धिमापनाचा. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने ह्यांनी १९०५ साली कसोट्या तयार केल्या त्या शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना जादा साहाय्य देता यावे म्हणून. अटलांटिक ओलांडताच त्याच कसोट्या माणसांवर कायमचा शिक्का मारण्याचे साधन बनल्या. ‘मंदबुद्धी’ ठरविलेल्या व्यक्तींचे सक्तीने निर्बीजीकरण करण्याचा व्हर्जिनिया राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली आठ विरुद्ध एक अशा मतांनी वैध ठरविला. कचेरीतल्या टिपणांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना ह्याचे फारसे नवल वाटू नये. निर्णय वर ठरतो, आणि त्याला साजेसे आकडे मागाहून खालून मागविले जातात.

आमची शंका आहे ती सॅम्युएल मॉर्टन ह्यांच्या प्रकरणाविषयी. एकोणिसाव्या शतकातील फिलाडेल्फियाच्या ह्या वैद्याने शेकडो कवट्या जमविल्या, त्यांत प्रथम मोहरी व पुढे शिशाच्या गोळ्या भरून त्यांचे आकारमान मोजले आणि वंशांची उतरंड लावली. गुलामगिरीच्या कैवाऱ्यांना ती आयतीच सापडली. मोहरीची मापे व गोळ्यांची मापे ह्यांतील तफावत पाहून गुल्ड ह्यांनी असे अनुमान केले की मॉर्टन ह्यांचा पूर्वग्रहच नकळत मोहरी दाबीत असावा. मात्र गुल्ड ह्यांनी स्वतः त्या कवट्या मोजल्या नव्हत्या. २०११ साली काही मानवशास्त्रज्ञांनी त्या संग्रहातील निम्म्याच्या आसपास कवट्या पुन्हा मोजल्या, तेव्हा मॉर्टन ह्यांची मापे बहुतांशी बरोबर निघाली. त्यावरही वाद झाला व गुल्ड ह्यांची बाजू घेणारे पुढे आले. डोकी मोजताना आपलाच हात आपल्या अपेक्षेकडे झुकेल, अशी भीती बिने ह्यांनी बोलून दाखविली होती. ती गुल्ड ह्यांनी ह्याच ग्रंथात आदराने नोंदविली आहे. स्वतःला लावून पाहिली असती तर बरे झाले असते.

पण मापे बरोबर निघाली म्हणून गुलामगिरी न्याय्य ठरते काय? येथेच गुल्ड ह्यांनी भलत्या जागी मोर्चा लावला असे आम्हांस वाटते. कवटीचे आकारमान देहाच्या आकाराप्रमाणे, हवामानाप्रमाणे बदलते. त्यातून बुद्धीची प्रत निघत नाही. निघाली असती तरी कोणाला बाजारात विकावे हे त्यातून निघाले नसते. हा मुद्दा ग्रंथात नाहीच असे नव्हे, परंतु वाचकाच्या स्मरणात राहते ती मोहरी. न्याय मोहरीच्या दाण्यांवर उभा केला, तर दाणे नीट मोजले गेले त्या दिवशी तो कोसळावयाचा.

मराठी वाचकाला ह्या संदर्भात ‘युगान्त’कर्त्या इरावती कर्वे आठवाव्यात. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर ह्यांच्या हाताखाली कवट्याच मोजीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, ही गुरूंची अपेक्षा. इरावतीबाईंनी मोजले, आणि तसा संबंध आढळत नाही असे प्रबंधात लिहून दिले. तेही परदेशात, परभाषेत आणि गुरूंच्याच संस्थेत बसून. गुल्ड ह्यांच्या ग्रंथात त्यांना एक पान मिळावयास हवे होते.

१९३३ साली जर्मनीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. आपल्या विद्यार्थिनीचा प्रबंध त्यांनी त्यापूर्वीच तपासला होता.