‘ज्वेल थीफ’मधले झटके आणि दवाखान्यातले

आज घोटीत सिनेमावर बोलायचं ठरलंय. मी बोलणार आहे पडद्यावरच्या ‘शॉक’बद्दल. घरातल्या माणसाने खाणंपिणं सोडलं, जीव द्यायची भाषा सुरू केली आणि डॉक्टरांनी हा शब्द काढला, की नातेवाईक पेशंटला घेऊन उठतात. ही भीती बरीचशी पडद्यावरून आली आहे.

विजय आनंद यांचा ‘ज्वेल थीफ’ (१९६७) घ्या. रहस्यपट म्हणून तो आजही पकड सोडत नाही. पण त्यात नायकाला झटके देतात ते त्याची ओळख पुसून त्याला दुसराच माणूस करण्यासाठी. तिथे उपचार हे खलनायकाचं हत्यार आहे.

प्रत्यक्षात भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात, मग काही सेकंद वीज सोडून मेंदूत फिट आणतात. आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण ६ ते १२ वेळा. नंतर डोकं दुखतं, अंग दुखतं, थोडा वेळ गोंधळल्यासारखं होतं. जिवाला धोका एक लाख वेळांमागे सुमारे दोन. माणूस दुसराच कुणी होत नाही.

पण म्हणून सिनेमा सगळा खोटा, असं म्हणून सुटता येत नाही. आपल्या देशात भूल न देता झटके देण्याची पद्धत अनेक वर्षं चालली. तिला बंदी घातली २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने. आणि स्मृती जाते, हे खरंच आहे. उपचारांच्या आसपासचे आठवडे, महिने पुसट होतात. काहींच्या जुन्या आठवणीही जातात आणि परत येत नाहीत. झटके जास्त, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी दिलेले, तर हा धोका वाढतो. ‘थोडं विसरायला होईल’ एवढं सांगणं पुरेसं नाही. लेकीच्या लग्नाचा दिवसच आठवेना, तर ते ‘थोडं’ कसं?

माझा आक्षेप इथे आहे. सगळीच स्मृती पुसली जाते असं दाखवून सिनेमाने खरा, मधला प्रश्न झाकला: किती जाईल, आणि ते सोसायचं की नाही हे कोण ठरवणार? सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनियावरचा. तो आजाऱ्याबरोबर त्याच्या बहिणीचीही ओढाताण दाखवतो. शॉकबद्दल असा सिनेमा अजून व्हायचाय. तोवर निदान आपण डॉक्टरांना विचारू या: किती वेळा? एका बाजूने की दोन्ही? स्मृती आधी तपासणार का, नंतरही तपासणार का? भिऊन उठून जाण्यापेक्षा, आणि मुकाट सही करण्यापेक्षाही, हे बरं.