घर हेरण्याची दृष्टी : पेण-रोह्यातील वास्तुछायाचित्रणाविषयी

वास्तूचे छायाचित्र घेण्यापूर्वी योग्य जागा शोधण्याच्या कामाला व्यवसायातील मंडळी ‘रेकी’ म्हणतात; मराठीत ‘जागा हेरणे’ असा प्रयोग रूढ आहे. पहिला शब्द लष्करी टेहळणीतून आलेला; दुसऱ्यात तर ‘हेर’ उघडच बसलेला आहे. दोन्ही शब्दांत पाहणारा परका आहे आणि पाहिले जाणारे घर बेसावध आहे. पेण व रोहे परिसरातील जुन्या घरांची जी छायाचित्रे हल्ली पाहावयास मिळतात, त्यांतील बहुसंख्यांच्या मुळाशी हीच परकी दृष्टी आहे, असे आमचे मत आहे. तिची चिकित्सा करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या दृष्टीला इतिहास आहे. फ्रान्समध्ये १८५१ साली शासकीय आयोगाने पाच छायाचित्रकारांना स्मारकांच्या याद्या देऊन प्रवासास धाडले. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची संस्था निघाली, आणि १८५५ मध्ये कंपनी सरकारने कॅप्टन बिग्ज यांस मुंबई इलाख्यातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. अशा उपक्रमांचा रोख मंदिरे, मशिदी, लेणी यांवर होता; राहते घर त्यांच्या कक्षेत सहसा येत नसे. त्या काळच्या मंद काचांवर अंधाऱ्या खोलीचे चित्र उमटविणे कठीणच होते. आज ती अडचण उरलेली नाही. स्मारक शोधण्याची सवय मात्र उरली आहे. म्हणून पेण तालुक्यात कॅमेरा प्रथम विनोबांच्या गागोद्याकडे वळतो आणि रोह्यात पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या जन्मस्थानाकडे. या स्थळांविषयीचा आदर योग्यच आहे. परंतु थोर पुरुषाचे जन्मस्थान हे त्या प्रदेशाच्या गृहरचनेचे प्रातिनिधिक उदाहरण असतेच, असे नाही.

निवडीचा दुसरा निकष रिकामेपणाचा. दांडीवरचे कपडे, भिंतीवरचे कॅलेंडर, कोपऱ्यातील सूप हे सारे बाजूला सारले जाते, विस्तृत कोनाचे भिंग लावले जाते, आणि अरुंद माजघर सभागृहासारखे दिसू लागते. येथे शब्दाकडे लक्ष दिले असते, तर ही चूक टळली असती. संस्कृत ‘मध्य’, प्राकृत ‘मज्झ’, मराठी ‘माज’ : माजघर म्हणजे मधले घर. कंबरेलाही जुन्या मराठीत ‘माज’च म्हणत. चहूबाजूंनी वेढलेले, अंधुक आणि आटोपशीर असणे हा त्याचा स्वभाव आहे. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात वळचण खाली उतरते आणि प्रकाश आत येताना मंदावतो. म्हणूनच कौलांत एखादे काचेचे कौल बसविलेले असते. त्यातून येणारा कवडसा कोणत्या प्रहरी कोठे पडतो, हे पाहणे ही जागेच्या पाहणीतील पहिली नोंद असावयास हवी. कृत्रिम दिव्यांच्या झोतात तो कवडसा नाहीसा होतो, आणि त्याबरोबर त्या खोलीतील वेळही.

अंगण, पडवी, ओटी, माजघर, देवघर ही नामावली केवळ खोल्यांची नाही. प्रवेशाच्या अधिकाराची ती उतरंड आहे. अनोळखी माणूस पडवीत टेकतो, पाहुणा ओटीवर बसतो, आप्त माजघरात जातो. आणि एके काळी काही जातींच्या माणसांना अंगणाच्या पुढे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, हेही त्याच नामावलीत लिहिलेले आहे. कॅमेरा कोठे उभा करावयाचा, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ रचनेचा नाही. ओटीवरून उंबरठ्यापलीकडचा अंधार दाखविणारे चित्र पाहुण्याचे स्थान प्रामाणिकपणे सांगते. देवघराच्या कोपऱ्यातून घेतलेले चित्र आपण कोण म्हणून तेथे पोहोचलो, हे लपविते.

यावर असा आक्षेप संभवतो की, ही मर्यादा पाळल्यास ओटीवरचे पुरुषांचे जग तेवढे चित्रित होईल आणि स्त्रियांचे घर पुन्हा अदृश्य राहील. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर मर्यादा झुगारण्यात नसून वाट विचारण्यात आहे. घरातील स्त्रीने आत नेले, जागा तिने दाखविली, तर ते हेरणे राहत नाही. आणि ही गोष्ट चित्राखालच्या मजकुरात नोंदविली पाहिजे.

‘वास्तू’ या शब्दाची व्याप्तीही तपासावी लागेल. पेणमध्ये ओटी आणि पडवी गणपतीच्या कारखान्यात रूपांतरित झालेली घरे आहेत. तेथे फळ्यांवर मूर्तींच्या रांगा असतात, जमिनीवर शाडूची माती असते, आणि डोळ्यांच्या आखणीसाठी कारागीर उजेडाकडे तोंड करून बसतो. नीटनेटक्या वाड्याच्या शोधातील छायाचित्रकार अशी जागा ‘पसारा’ म्हणून सोडून देतो. वस्तुतः घराचा उपयोग, प्रकाश आणि श्रम यांचा संबंध इतका स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसेल. कारवीच्या कुडाची, शेणाने लिंपलेली कातकऱ्यांची घरे तर या निवडीत विचारातही घेतली जात नाहीत. सागवानी खांब नाही, म्हणून तेथे वास्तुरचना नाही, असे मानणे हे अज्ञान होय.

हा विषय तातडीचा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य घरांची छपरे उडविली. कौलांच्या जागी पत्रे आले की काचेचे कौलही जाते. २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावे नव्या नगराच्या योजनेत घेण्यात आली. घर पाडले म्हणजे लाकूड विकले जाते. ‘पडवी’ आणि ‘माजघर’ हे शब्द मात्र कोणी विकत घेत नाही.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. घर निवडताना प्रथम रहिवाशांकडून प्रत्येक जागेचे नाव त्यांच्याच उच्चारात उतरवून घ्यावे. मग दिशा, प्रहर, छप्पर आणि कवडसा यांची नोंद करावी. तेथे कोण बसते व कोणाला बसू देत नसत, हे विचारावे. कॅमेरा त्यानंतर उघडावा. अशा नोंदीवाचून घेतलेले चित्र कितीही देखणे असले, तरी पन्नास वर्षांनी त्यातील खोलीला काय म्हणत, हे सांगणारे कोणी उरणार नाही.