मायना नसलेलं पत्र

७ जून २०२३ ला कोल्हापुरात इंटरनेट बंद झालं. त्या दिवशी शहर बंदची हाक होती. शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. या सगळ्याला निमित्त होतं काही मुलांनी ठेवलेल्या व्हॉट्सॲप स्टेटसचं. दंगलीची खरी कारणं फोनच्या बाहेर असतात, राजकारणात असतात, हे मान्य. तरीही निमित्त म्हणून स्टेटसच का पुरलं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आपण स्टेटसकडे कधी लेखनप्रकार म्हणून बघतच नाही. एकदा बघूया.

व्हॉट्सॲपची सुरुवातच स्टेटसनं झाली. २००९ मध्ये यान कूम यांनी हे ॲप केलं तेव्हा त्यात चॅट नव्हतं. फोनमधल्या नावापुढे 'बॅटरी संपत आलीय', 'जिममध्ये आहे' असं काहीतरी दिसावं, एवढीच कल्पना होती. म्हणजे ती दारावर लावलेली पाटी होती. २०१७ मध्ये तिथे फोटो, व्हिडिओ आले आणि सगळं चोवीस तासांत पुसलं जाऊ लागलं. पाटीचा फ्लेक्स झाला.

शाळेत पत्रलेखनात मायना चुकला की गुण जायचे. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', साहेबांना 'माननीय महोदय'. तेव्हा कटकट वाटायची. आता कळतं, पुढची सगळी भाषा त्या एका ओळीवर ठरायची. मामाला लिहायचं ते मित्राला लिहायचं नाही, हे मायना शिकवायचा. स्टेटस हे मायना नसलेलं पत्र आहे. ते मामाला दिसतं, मॅनेजरला दिसतं, दहावीतल्या बाकावरच्या मित्राला दिसतं आणि दूध टाकणाऱ्या काकांनाही. पण लिहिलेलं कुणालाच नसतं. खरं तर मनात कुणीतरी एकच असतं. आपण 'कुणी कुणी बघितलं' ती यादी उघडून त्याचं नाव शोधतो. टोमणा एकाला, दिसतो तीनशे जणांना, आणि कुणी विचारलंच तर 'तुला नव्हतं रे भावा' म्हणायला मोकळे.

यात एक मजेची गोष्ट आहे. तुमचा नंबर त्याच्याकडे आणि त्याचा तुमच्याकडे सेव्ह असेल, तरच त्याचं स्टेटस तुम्हाला दिसतं. ते एन्क्रिप्टेडही असतं. म्हणजे शहर पेटवायला हे माध्यम तसं निकामीच. पण त्यावर बोट ठेवून कुणी स्क्रीनशॉट काढला की सगळं उलटतं. एन्क्रिप्शन वाटेवरच्या चोरापासून वाचवतं, घरात बसलेल्या पाहुण्यापासून नाही. मायना नसलेल्या पत्रावर मग कुणीही हवा तो मायना लिहू शकतो. 'समस्त अमुक समाजास', 'तमाम तमुक बांधवांना'. तीनशे जणांत संपणारी गोष्ट शहराला उद्देशून लिहिलेली ठरते. चौकात जमलेल्यांपैकी कितीजणांनी ते स्टेटस मूळ जागी पाहिलं असेल?

फॉरवर्डचं दुखणं नेमकं उलटं आहे. त्यावर सही नसते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. ती अफवा आधीपासून फोनवरून फिरत होती. लिहिली कुणी, याला उत्तर नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. आम्ही इंजिनियर लोक असंच करतो. वेग कमी करतो, संख्या बांधतो. पण स्क्रीनशॉटवर सही लागत नाही. आणि सरकार इंटरनेट बंद करतं तेव्हा दंगलखोराबरोबर ऑनलाइन पैसे घेणारा भाजीवालाही गप्प होतो.

मग फोनच वाईट का? २०१९ च्या महापुरात याच फोननं माणसं वाचवली. आंबेवाडी, चिखली पाण्यात होती आणि 'अमुक गल्ली, दुसरा मजला, आजी आहेत, बोट पाहिजे' असे मेसेज येत होते. आम्ही काही मित्र ते मेसेज तपासत बसायचो. ज्यात पत्ता, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर होता ते कामाला आले. ज्यात वेळ नव्हती ते माणसं सुखरूप बाहेर पडल्यावरही दोन दोन दिवस फिरत राहिले आणि बोटी चुकीच्या घराकडे वळायची भीती. ॲप तेच, फोन तेच. फरक मायन्याचा आणि सहीचा.

म्हणून 'सोशल मीडियानं समाज बिघडवला' हे वाक्य मला आळशी वाटतं. माध्यम आपल्याला एक सवलत देतं: कुणाशी बोलतोय ते न ठरवता बोलायची. ती घ्यायची की नाही, हे अजून आपल्या हातात आहे.

पण किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. माझा एक मुसलमान मित्र आहे. पूर्वी त्याचं स्टेटस म्हणजे रंकाळ्यावरची संध्याकाळ, फुटबॉल आणि ईदला शिरखुर्म्याचे फोटो. त्या जूननंतर त्यानं स्टेटस ठेवणंच सोडलं. "कोण काय अर्थ काढंल सांगता येत नाही भावा," म्हणाला. आता ईदला तो फोन करतो. नाव घेऊन बोलावतो, मी जातो. मला मायन्यासकट पत्र मिळालं, याचा आनंद आहेच. पण त्याच्या यादीतल्या ज्या तीनशे जणांना दरवर्षी त्याच्या घरातली ईद दिसायची, त्यांना आता ती दिसत नाही. त्यांच्यापर्यंत पोचतात ते फक्त स्क्रीनशॉट.